घातक कचरा गेटबाहेर गेला म्हणजे आपण सुटलो का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. चाकणला वाहनांच्या सुट्या भागांचं युनिट, पन्नासेक माणसं, फॉस्फेटिंगची (रंगाआधी धातूवर फॉस्फेटचा थर चढवण्याची) लाइन, पेंट बूथ, मागच्या बाजूला लहानसा ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे फील्ड ऑफिसर पाहणी करून गेले आणि पाठोपाठ कारणे दाखवा नोटीस आली. मुद्दे तीन: घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवला, फॉर्म ४ चं वार्षिक रिटर्न भरलेलं नाही, आणि रिकामी पिंपं व काळं ऑइल कोणाला दिलं याचा कागद नाही. तुमचं म्हणणं, 'पिंपं आणि ऑइल भंगारवाला नेतो, वर पैसेही देतो, आमच्याकडे पडून राहत नाही, मग गुन्हा काय?' आणि एक सल्लागार म्हणतोय की ठरावीक रकमेत सगळं मॅनेज करून देतो. त्याला काम द्यावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नका देऊ. 'मॅनेज' या शब्दाचा आमच्या धंद्यात अर्थ ठरलेला आहे. कचरा जागचा हलत नाही, फक्त मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या गाडीबरोबर जाणारा कागद, हलतं. किंवा कचरा हलतो, पण कागदावर लिहिलेल्या जागी न जाता कुठल्यातरी ओढ्याकाठी उतरतो. दोन्ही प्रकारांत कागदावर सही तुमची असते. सल्लागाराचं नाव शोधून सापडत नाही.

आता मूळ मुद्दा. २०१६ चे घातक आणि इतर कचरा व्यवस्थापनाचे नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आहेत आणि त्यात जबाबदारी टाकली आहे ती भोगवटादारावर, म्हणजे ज्याच्या ताब्यात कारखाना आहे त्याच्यावर. कचरा ज्याला द्यायचा तो त्या कचऱ्यासाठी अधिकृत आहे की नाही हे बघणं तुमचं काम आहे. अयोग्य हाताळणीमुळे पर्यावरणाचं किंवा तिऱ्हाइताचं नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारीही नियम २३ मध्ये स्पष्ट लिहिलेली आहे. 'टेम्पोत चढवला की माझा संबंध संपला' हे वाक्य नियमांत कुठेही बसत नाही.

कोणाला हे पुस्तकी वाटत असेल तर सुरतची घटना आठवावी. ६ जानेवारी २०२२ ची पहाट, सचिन जीआयडीसी. एका टँकरमधून रसायन नाल्यात सोडलं जात होतं. त्यातून उठलेल्या वायूने शेजारच्या कापड गिरणीतले सहा कामगार गेले. पोलीस टँकरवाल्यापाशी थांबले नाहीत. माग काढत काढत ते आपल्या तळोज्यापर्यंत आले, आणि रसायन जिथून निघालं असं त्यांचं म्हणणं होतं त्या कंपनीच्या माणसांनाही अटक झाली. मधे दलाल किती होते, कोणी कोणाला किती पैसे दिले, हे सगळं नंतर. आधी विचारलं गेलं ते एवढंच की हा माल निघाला कुठून.

भंगारवाला पैसे देतो हा तुमचा मुद्दा मला नीट कळतो, कारण तो सगळेच मांडतात. पण पैसे मिळण्या-न मिळण्याशी नियमाचं देणंघेणं नाही. वापरलेल्या ऑइलला अधिकृत री-रिफायनरही, म्हणजे ते शुद्ध करून पुन्हा वापरण्याजोगं करणाराही, चांगला भाव देतो. एप्रिल २०२४ पासून तर वंगण तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी आली आहे, त्यामुळे अधिकृत माणूस मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. बघायचं ते घेणाऱ्याकडचं अधिकारपत्र, म्हणजे घातक कचरा हाताळायची मंडळाची परवानगी, आणि त्यातही फक्त पहिलं पान बघून समाधान मानायचं नाही. त्याच्या अधिकारपत्रात तुमच्या कचऱ्याचा प्रवर्ग क्रमांक आहे का, वर्षाला किती घ्यायची परवानगी आहे आणि मुदत कधी संपते, हे वाचा. मुदत संपलेलं अधिकारपत्र खिशात घेऊन फिरणारे बरेच आहेत. जमलं तर एकदा त्याच्या जागेवर जाऊन या. कागदावर री-रिफायनरी आणि जागेवर चार पिंपं व एक कुत्रा, असंही असतं.

आता तुमच्या शॉपमध्ये घातक काय काय निघतं ते बघू. तुमच्या पत्रात तुम्ही तीनच गोष्टी लिहिल्या आहेत. फॉस्फेटिंग आणि पेंट असलेल्या युनिटमध्ये त्या तीनच असणं शक्य नाही. नियमांच्या अनुसूची १ मध्ये प्रक्रियेनुसार यादी आहे आणि प्रत्येक कचऱ्याला क्रमांक आहे. फॉस्फेटिंगच्या टाकीच्या तळाशी बसणारा गाळ १२.५ मध्ये येतो. पेंट बूथमधला गाळ २१.१. वापरलेलं हायड्रॉलिक, गिअर किंवा इंजिन ऑइल ५.१, तेलमिश्रित गाळ वगैरे ५.२. रसायनांची रिकामी पिंपं, कॅन, आतल्या प्लास्टिकच्या पिशव्या ३३.१. तेल-रंग पुसलेलं कॉटन वेस्ट आणि चिंध्या ३३.२. ईटीपीचा रासायनिक गाळ ३५.३. बूथमधली गन धुवायला जे थिनर वापरता ते जातं कुठे? बहुतेक ठिकाणी ते पुन्हा पुन्हा वापरून शेवटी जमिनीवर किंवा गटारात जातं आणि नोंद कुठेच नसते. ते वापरलेलं सॉल्व्हंट आहे, २०.२.

चुकीच्या खात्यात टाकू नयेत अशाही काही गोष्टी आहेत. यूपीएसच्या आणि फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यांना २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम लागतात. जुने संगणक, पॅनेलमधली इलेक्ट्रॉनिक कार्डं, पाऱ्याच्या ट्यूबलाइट ई-कचऱ्यात जातात. ईटीपीतून बाहेर पडणारं पाणी जल कायद्याखाली येतं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मशिन शॉपच्या चिप्सबद्दल लोक विचारतात. लोखंडी चिप्स भंगारात जातात हे ठीकच. पण कूलंटने (कापताना वापरायच्या थंडाव्याच्या द्रवाने) थबथबलेल्या चिप्स टेम्पोत भरल्या की चाकणपासून भोसरीपर्यंत रस्त्यावर तेलाची रेघ जाते. तुम्हीही ती पाहिली असेल, तिच्यावरून दुचाकीवाले घसरलेलेही पाहिले असतील. चिप्स जाळीवर दोन दिवस निथळू द्या किंवा रिंगर, म्हणजे चिप्समधला द्रव काढून घेणारं यंत्र, बसवा. कूलंट परत मिळाल्याने रिंगरचे पैसे वसूल होतात.

ही सगळी यादी झाली की ती तुमच्या कंसेंटशी, म्हणजे कारखाना चालवायला मंडळाने दिलेल्या संमतिपत्राशी, ताडून बघा. महाराष्ट्रात संमतिपत्र आणि घातक कचऱ्याचं अधिकारपत्र बहुधा एकाच कागदात येतं. त्यात घातक कचऱ्याचा तक्ता असतो: प्रवर्ग, प्रमाण, एकक, विल्हेवाटीची पद्धत. माझ्या अनुभवात निम्मी भांडणं या तक्त्यात असतात. कारखाना सुरू होताना कोणीतरी अंदाजाने आकडे टाकलेले असतात, पुढे लाइन वाढते, पेंट बूथ दोनाचे तीन होतात, तक्ता तसाच. मग तुम्ही प्रामाणिकपणे जास्त गाळ पाठवला तरी तो मंजुरीपेक्षा जास्त ठरतो, आणि तक्त्यात थिनरची ओळच नसेल तर ते अधिकृत माणसाला देणंही अडतं. त्यामुळे आधी कंसेंट दुरुस्तीचा अर्ज करा. त्यात प्रमाण ठरवताना सरासरी टाकू नका. सगळ्यात जास्त उत्पादनाच्या महिन्याचं धरा.

जाता जाता: २०१९ च्या दुरुस्तीने ज्यांना जल-वायू कायद्याखाली कंसेंटच लागत नाही अशा उद्योगांना या अधिकारपत्रातून सूट मिळाली, पण कचरा अधिकृत ठिकाणीच द्यायचा या अटीवर. तुमचं फॉस्फेटिंग असल्याने ती सूट तुम्हाला नाही. शेजारचा असेंब्लीवाला 'मला काही लागत नाही' म्हणाला तर त्याच्यावरून स्वतःचं ठरवू नका.

साठवणीकडे येतो. ९० दिवसांची मर्यादा नियम ८ मधली आहे. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा निर्माण करणाऱ्या लहान युनिटांना मंडळ ती १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. 'देऊ शकतं' याचा अर्थ अर्ज करून लेखी मिळवावी लागते, आपोआप मिळत नाही. तुम्ही बहुधा या वर्गात बसता. तुमची खरी अडचणही मला माहीत आहे: तीन महिन्यांत गाडी भरेल एवढा माल होत नाही, आणि अर्ध्या गाडीचं भाडं परवडत नाही. यावर उपाय म्हणजे रांजणगावच्या सामाईक सुविधेला (अनेक कारखान्यांच्या घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राला) फेरी एकत्र करायची विनंती करणं. त्यांच्या गाड्या चाकण-भोसरी पट्ट्यात फिरतच असतात. एकाच फेरीत अनेक कारखान्यांचा माल उचलतात, फक्त प्रत्येकाचं मॅनिफेस्ट वेगळं. मुदतवाढीचा अर्ज टाका, पण त्या भरवशावर बसू नका.

शेड कशी असावी? नोटिशीसोबत तुम्ही जो फोटो पाठवलात तो मी मोठा करून पाहिला. पत्र्याखाली पिंपं आहेत हे बरं. पण खाली पेव्हर ब्लॉक आहेत. त्यांच्या फटींतून गळलेलं सगळं जमिनीत जातं. खालची फरशी सलग हवी, सिमेंट काँक्रीटवर रसायनाला टिकणारा लेप, कडेने छोटा बांध, एका कोपऱ्याकडे उतार आणि तिथे खड्डा. तो खड्डा पावसाच्या गटाराला जोडायचा नाही. फोटोत मला उजवीकडे एक पाइप दिसतोय तो तसाच जोडलेला असावा अशी शंका आहे, तपासा. पावसाळ्यात आडवं पाणी आत येतं, तेव्हा एका बाजूला तरी अर्ध्या उंचीपर्यंत पत्रा लावा. पूर्ण बंद मात्र करू नका, थिनरच्या वाफा कोंडतात. शेडला कुलूप हवं आणि किल्ली एका नावावर हवी.

त्या फोटोत याहून गंभीर गोष्ट दिसते. ॲसिडचा कार्बा (मोठा कॅन) आणि पांढऱ्या निळ्या कॅनमधलं हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एकाच पॅलेटवर ठेवलंय. दोन्ही गळून एकत्र आली तर क्लोरिन निघतो. तुमच्या लाइनीत कुठे सायनाइड असेल, म्हणजे जवळपास प्लेटिंग असेल, तर ॲसिड त्याच्या आसपासही नको. कोणतं रसायन कशाशी जुळत नाही हे त्याच्या सेफ्टी डेटा शीटच्या १० व्या विभागात असतं, विल्हेवाटीचं १३ व्या, वाहतुकीचं १४ व्या. पुरवठादाराकडून शीट मागा, तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर पुरवठादार बदला. आणि रंगाने माखलेल्या चिंध्या, विशेषतः अल्किड रंगाच्या, उघड्या ढिगात ठेवू नका. हवेशी संयोग होताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. झाकणाचा लोखंडी डबा, रोज रिकामा.

प्रत्येक पिंपावर आणि गोणीवर फॉर्म ८ चं लेबल लागतं. चमकदार पिवळी पार्श्वभूमी, 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' हे शब्द लाल रंगात, हिंदी, इंग्रजी आणि मराठीत. पाण्याने न जाणारं. त्यावर प्रवर्ग, प्रमाण, साठवणीची तारीख, कशाशी एकत्र ठेवायचं नाही, तुमचं आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता. यातली तारीख सगळ्यात महत्त्वाची. ऑफिसर आधी तीच बघतो, कारण ९० दिवस तिच्यापासूनच मोजले जातात. तुमच्या नोटिशीत 'साठवणीची तारीख आढळली नाही' हे वाक्य आहेच. तारीख नसेल तर माल कालचा आहे हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो ते, म्हणजे वजनाचा हिशोब. फॉर्म ३ ही रोजची नोंदवही: आज काय निघालं, किती साठलं, किती बाहेर गेलं. फॉर्म १० म्हणजे मॅनिफेस्ट. फॉर्म ४ म्हणजे वर्षाचं रिटर्न, आर्थिक वर्ष संपल्यावर ३० जूनपर्यंत. शिवाय ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं पर्यावरण विवरण, ते फॉर्म ५, वेगळ्या नियमांखाली. चारही ठिकाणी एकच कचरा लिहिला जातो, पण लिहिणारी माणसं चार. ईटीपीचा ऑपरेटर वही लिहितो, स्टोअरवाला मॅनिफेस्ट, अकाउंटंट रिटर्न, सल्लागार विवरण. मंडळाच्या संगणकावर मात्र हे आकडे शेजारी शेजारी येतात.

तुमच्याच गाळाचं उदाहरण घेऊ. समजा ईटीपीच्या फिल्टर प्रेसमधून (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रातून) रोज २० किलो ओला गाळ निघतो. महिन्याचे २५ दिवस, ५०० किलो. तीन महिन्यांत फॉर्म ३ मध्ये १,५०० किलो जमा. या गाळात ६५ टक्के पाणी आहे. तो ड्राइंग बेडवर उन्हात पडला, पाणी ३० टक्क्यांवर आलं. कोरडा भाग तेवढाच, ५२५ किलो; पण एकूण वजन झालं ७५० किलो. गाडी आली, काट्यावर ७५० भरलं, मॅनिफेस्टवर ७५०. कागदावर ७५० किलो गाळ गायब! तुम्ही काहीच चुकीचं केलेलं नाही, उलट पाणी काढून टनामागचा खर्च वाचवलात, तरी वही म्हणते की निम्मा गाळ कुठेतरी फेकलात. यावर उपाय साधा आहे. वजन एकाच टप्प्यावर करायचं, गाळ सुकून गोणीत भरताना. फॉर्म ३ मध्ये तेच लिहायचं. प्रेसमधून निघालेलं ओलं वजन ईटीपीच्या वेगळ्या लॉगमध्ये ठेवा आणि महिन्यातून एकदा आर्द्रतेची चाचणी करून तिचा कागद सोबत लावा. मग कोणी विचारलं तर फरक दोन मिनिटांत समजावता येतो.

ऑइलचंही तसंच. स्टोअर लिटरमध्ये लिहितं, काटा किलोत सांगतो. २१० लिटरचं पिंप काठोकाठ भरलं तर ऑइलचं वजन साधारण १८५ किलो भरतं. कंसेंटमध्ये एकक किलोलिटर असेल आणि मॅनिफेस्टवर टन असेल तर वर्षाअखेरीस १०-१२ टक्क्यांचा घोळ हमखास. एकक कंसेंटमध्ये आहे तेच सगळीकडे ठेवा. ऑइल विकता तेव्हा जीएसटीचं बिल असतं. त्यावरचं प्रमाण आणि मॅनिफेस्टवरचं प्रमाण एक हवं.

मॅनिफेस्टच्या सात प्रती असतात, रंगवार. तुम्ही सही करून पांढरी मंडळाला पाठवायची, वाहतूकदाराची सही घेऊन पिवळी स्वतःकडे ठेवायची. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. माल घेणारा गुलाबी ठेवतो, नारिंगी वाहतूकदाराला देतो, हिरवी मंडळाला पाठवतो आणि निळी तुम्हाला परत करतो. करडी प्रत लागते ती पाठवणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर. आता मंडळाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचं असल्याने रंग बघायची वेळ कमी येते, पण तर्क तोच आहे. तुमच्या दृष्टीने यातली निळी प्रत, किंवा पोर्टलवर घेणाऱ्याने दिलेली पोच, हाच माल पोचल्याचा पुरावा. पिवळी प्रत फाइलला लावून लोक निश्चिंत होतात. ती फक्त एवढंच सांगते की गाडी तुमच्या गेटमधून निघाली. म्हणून गाडी गेल्यावर कॅलेंडरवर खूण करा, आठवड्याभरात पोच आली नाही तर फोन करा, तरीही नाही आली तर मंडळाला ई-मेल टाका. तो ई-मेल पुढे तुम्हाला वाचवतो.

गाडी सोडताना ड्रायव्हरजवळ फॉर्म ९ चं ट्रेम कार्ड द्यायला विसरू नका. गळती झाली तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, हे त्यावर असतं. ते त्याला वाचता येईल अशा भाषेत द्या. चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या गाडीचा ड्रायव्हर अनेकदा उत्तर भारतातला असतो, इंग्रजी कार्ड त्याच्या काय कामाचं? माल विल्हेवाटीसाठी परराज्यात जाणार असेल तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचं ना-हरकत लागतं. पुनर्वापरासाठी जाणार असेल तर दोन्हींना आधी कळवावं लागतं. गुजरातमधला कोणी 'भाव जास्त देतो' म्हणाला की हे आठवा.

रिकाम्या पिंपांबद्दल नोटिशीत मुद्दा आहे म्हणून थोडं जास्त सांगतो. रसायनाचं पिंप कधीच खरोखर रिकामं नसतं. तळाशी वाटीभर तरी उरतं, आणि वाफ तर असतेच. भंगारवाला ते गॅस कटरने कापतो. थिनरचं भरलेलं पिंप कापण्यापेक्षा रिकामं कापणं जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा यांचं मिश्रण तयार असतं, पहिल्या ठिणगीला उडतं. नाही कापलं तर ते पाण्यासाठी विकलं जातं. इमारतींच्या साइटवर, वस्त्यांमध्ये, निळ्या पिंपांत साठवलेलं पाणी तुम्ही पाहिलं असेल. त्यातल्या कशात काय होतं हे विकत घेणाऱ्याला कोण सांगणार? तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत. पुरवठादार पिंप परत घेत असेल तर तशी पद्धत कंसेंटमध्ये लिहून घ्या. स्वतः धुणार असाल तर त्याचीही मंजुरी घ्या, धुण्याचं पाणी ईटीपीत न्या, गाळाचा हिशोब ठेवा. नाहीतर ३३.१ साठी अधिकृत असलेल्या निर्विषीकरण करणाऱ्याला द्या. तोपर्यंत भंगारवाल्याला पिंपं देणं आजपासून बंद. आणि त्याला धातूचं भंगार देत राहणार असाल तर गेटवरच्या सिक्युरिटीला लेखी सूचना द्या की पिंप, कॅन, ऑइल या गाडीतून बाहेर जाणार नाही. हे गेटपासवर दिसलं पाहिजे.

खर्चाचं बोलायचं तर सामाईक सुविधेत दर टनावर असतो आणि तो मार्गानुसार बदलतो. थेट लँडफिल स्वस्त, त्याआधी प्रक्रिया लागली तर महाग, भट्टीत जाळायचं असेल तर सगळ्यात महाग. तुमचा पेंट स्लज आणि थिनरचा गाळ यात उष्मांक असतो, तो लँडफिलमध्ये चालत नाही. पण सिमेंटच्या भट्टीत को-प्रोसेसिंगला, म्हणजे इंधनासोबत जाळायला, जाऊ शकतो, तो बऱ्याचदा जाळण्यापेक्षा परवडतो. क्लिंकरची (सिमेंट ज्यापासून दळतात त्या गोळ्यांची) भट्टी १,४५० अंशांच्या आसपास चालते, त्यात तो पूर्ण जळतो आणि राख क्लिंकरमध्येच जिरते. नियमांचा प्राधान्यक्रमही हाच आहे: आधी कचरा होऊच द्यायचा नाही, मग कमी करायचा, मग पुन्हा वापर, पुनर्चक्रण, को-प्रोसेसिंग, आणि शेवटी विल्हेवाट. पाणी काढून टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पाण्याचं वजन टनाच्या दराने पाठवण्यात शहाणपणा नाही.

कामगारांचा विषय नोटिशीत नाही, म्हणून तुम्ही विचारला नसेल. टाकीच्या तळाचा गाळ उपसायला तुमच्याकडे कोण उतरतो? बहुतेक ठिकाणी ठेकेदाराचा माणूस असतो, काल दुसऱ्या कारखान्यात होता, उद्या तिसऱ्यात. सुती हातमोजे घालून थिनरमध्ये हात बुडवणारे मी रोज बघतो. सुती मोजा थिनर शोषून कातडीला चिकटवून ठेवतो, त्यापेक्षा मोजा नसलेला बरा. कोणत्या कामाला कोणता मोजा हे डेटा शीटच्या ८ व्या विभागात असतं. प्रशिक्षण, साधनं आणि माहिती देणं नियमांत भोगवटादारावर आहे, ठेकेदारावर नाही. प्रशिक्षण म्हणजे हजेरीपत्रकावर सह्या नव्हेत. शेडसमोर उभं करून अर्धा तास दाखवा, कोणतं कशाशेजारी ठेवायचं नाही, सांडलं तर आधी काय, डोळ्यात गेलं तर पाणी कुठे. आणि खरंच काही अपघात झाला तर मंडळाला फोन आणि ई-मेलने लगेच कळवायचं, नंतर फॉर्म ११. लपवायचा प्रयत्न बातमीत येतोच.

गेटवरचा बोर्डही बघून घ्या. कारखान्यात कोणती घातक रसायनं आहेत, किती घातक कचरा निघतो, बाहेर पडणारं सांडपाणी आणि हवेतलं उत्सर्जन किती, हे मुख्य गेटबाहेर लावायला सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशात सांगितलं. तुमच्या बोर्डावर चार वर्षांपूर्वीचे आकडे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तुमच्या विरुद्धचा पुरावा तुम्हीच रंगवून गेटवर टांगलाय.

आता नोटिशीचं उत्तर. दिलेल्या मुदतीत द्या, मुदत पुरत नसेल तर मुदत संपायच्या आधी वाढवून मागा. उत्तरात वाद घालू नका आणि खोटंही लिहू नका. मागच्या तारखेच्या नोंदी करून वही 'पूर्ण' करण्याचा मोह होईल, तो आवरा. एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिलेली वर्षभराची वही ऑफिसर लगेच ओळखतो, आणि मग साधा नियमभंग बनावट कागदाचं प्रकरण होतं. जे झालं नाही ते झालं नाही असं लिहा. रिटर्न राहिलं असेल तर उशिरा का होईना आजच भरा आणि त्याची पोच जोडा. साठलेल्या मालाचं आज वजन करून यादी करा, सुविधेकडे मागणी नोंदवा, गाडीची तारीख घ्या, ती तारीख उत्तरात टाका. शेडच्या फरशीचं काम दिलं असेल तर वर्क ऑर्डर जोडा, काम पूर्ण होण्याची तारीख लिहा. पिंपं आणि ऑइलबद्दल: आजवर कोणाला दिली याची जी बिलं, गेटपास असतील ती द्या, आणि यापुढे कोणाला देणार त्याच्या अधिकारपत्राची प्रत व करार.

दंडाचं म्हणाल तर जनविश्वास कायद्याने झालेले बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या उल्लंघनाला आता तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाखांपर्यंत दंड आहे, उल्लंघन चालूच राहिलं तर रोजचे १० हजार वेगळे. दंड भरला नाही तर मात्र तुरुंगवास अजूनही आहे. काही जण म्हणतात, 'आता फक्त पैशाचा प्रश्न.' त्यांना मी याच पर्यावरण संरक्षण कायद्याचं कलम ५ वाचायला देतो. त्याखाली कारखाना बंद करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे निर्देश देता येतात. एमआयडीसीचं पाणी आठवडाभर बंद राहिलं तर तुमच्या ग्राहकाची लाइन कोण चालवणार? मंडळ बहुधा आधी बँक गॅरंटी मागेल आणि मुदत देईल. ती दिलीत तर तिच्यातल्या प्रत्येक अटीसमोर तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव लिहून ठेवा, कारण गॅरंटी जप्त होते ती अशा लहानशा राहून गेलेल्या अटीमुळेच.

सल्लागार नकोच असं मी म्हणत नाही. पोर्टलचे अर्ज, कंसेंटची दुरुस्ती यात अनुभवी माणूस वेळ वाचवतो. फक्त त्याला विचारा, 'आमच्या मागच्या तीन मॅनिफेस्टांची पोच दाखव.' त्याला ती काढून दाखवता आली तर पुढचं बोला. आणि पोर्टलचा पासवर्ड त्याच्या मोबाइलवर नको, तुमच्या कंपनीच्या ई-मेलवर हवा. तो सोडून गेला की ओटीपीसाठी धावपळ होते, नेमकी ३० जूनला.